धनुर्वात ओळखायचा कसा: कमान दिसायच्या आधीची लक्षणं, क्रमाने

धनुर्वात म्हटलं की लोक धनुष्याची वाट बघत बसतात. माणूस पाठीतून कमानीसारखा वाकला की मग धावपळ. पण ती कमान बरीच उशिरा येते. त्याआधी एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, जबडा, मान, गिळणं अशी बारीक कुरबूर चाललेली असते. ते दिवस दाताच्या दवाखान्यात जातात, मालिशवाल्याकडे जातात, नाहीतर 'वात धरलाय' म्हणत घरातल्या घरातच जातात.

मी सोलापुरात वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं. धनुर्वाताचे रुग्ण आता कमी दिसतात, आणि म्हणूनच चटकन ओळखू येत नाहीत. घरच्यांना येत नाहीत, कधी कधी आम्हालाही येत नाहीत. ते पुढे सांगतेच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. धनुर्वात रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. डॉक्टर तो ठरवतात ते रुग्णाला बघून आणि तुम्ही काय सांगता ते ऐकून. त्यामुळे घरी काय दिसलं, कोणत्या दिवशी दिसलं आणि कशाच्या आधी दिसलं, याला रिपोर्टइतकीच किंमत आहे. निदान तुम्ही करायचं नाही. संशय घ्यायचा, नोंद करायची आणि वेळेत पोचवायचं. घरातली माणसं, आशाताई, ऊसतोडीचे मुकादम, कारखान्यातले जॉबर, या सगळ्यांना जमण्यासारखं हे काम आहे.

## तयारी: रुग्णाजवळ बसण्याआधी

खोली शांत करा. टीव्ही बंद, मोबाइलचा आवाज बंद, खिडकीला पडदा किंवा चादर. जवळ दोनच माणसं थांबू द्या, बाकीचे बाहेर. याचं कारण असं, की धनुर्वात असेल तर मोठा आवाज, झगझगीत उजेड किंवा अचानक लागलेला हात एवढंही झटका यायला पुरतं, आणि झटक्यात श्वास अडकू शकतो.

हाताशी घ्या: वही-पेन, रुग्णाचं लसीकरण कार्ड किंवा जुने केसपेपर, घड्याळ.

हाताशी घेऊ नका: चमचा, बॅटरी, पाण्याचा पेला.

इशारा: 'गिळता येतंय का बघू' म्हणून पाणी पाजून तपासायचं नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं तर दुखणं बाजूलाच राहतं आणि न्यूमोनिया होतो. त्याऐवजी विचारा, 'सकाळचा चहा कसा गेला?' उत्तर त्यातच मिळतं.

## टप्पा १: जखम शोधा, तारीख लिहा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. घरचे सांगतात, 'जखम तर कधीच बरी झाली.' जखम बरी झालेली असणं हे धनुर्वाताच्या विरोधात जात नाही. जखम झाल्यापासून लक्षणं सुरू व्हायला साधारण ३ ते २१ दिवस लागतात, बहुतेकांत आठवड्याच्या आसपास. तोवर बारीक भोक वरून मिटलेलं असतं. डोक्याला किंवा चेहऱ्याला लागलं असेल तर लक्षणं लवकर येतात. पायाला लागलं असेल तर सहसा उशिरा येतात, कारण विषाला मज्जारज्जूपर्यंतचा लांबचा रस्ता नसांमधून कापावा लागतो.

म्हणून आजची तारीख लिहा आणि मागे तीन आठवडे मोजत जा. 'काही लागलं होतं का?' असं मोघम विचारलं तर उत्तर 'न्हाई' असंच येतं. नेमकं विचारा:

- पायात बाभळीचा काटा, ज्वारीचं धसकट, खिळा, काच गेली होती का? डाळिंबाच्या बागेत काटा लागला का?
- कोयता, खुरपं, विळा? विडीचं पान कापायची कात्री? मागावर काम करताना बोटाला काही लागलं का?
- वारीला किंवा देवाला अनवाणी चालून फोड आले, फुटले, असं काही?
- साखरेचा आजार आहे का? तळपायाला न भरणारी जखम आहे का?
- कान वाहतोय का?
- भाजलं, जनावरानं मारलं, गाडीवरून पडून खरचटलं?
- अलीकडे बाळंतपण, गर्भपात, गोंदण, कान टोचणं?

गंजलेल्या खिळ्याबद्दल जरा बोलायला हवं. लोकांच्या डोक्यात धनुर्वात आणि गंज यांची गाठ इतकी पक्की बसली आहे, की चकचकीत सुई रुतली तर कोणी काळजीच करत नाही. गंजाने धनुर्वात होत नाही. त्याच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, आणि जिथे हवा पोचत नाही तिथे ते वाढतात. खोल, अरुंद, आत माती राहिलेलं भोक त्यांना सोयीचं. भळाभळा रक्त वाहिलेल्या मोठ्या जखमेला घरचे स्वतःहून दवाखान्यात नेतात. काट्याच्या भोकाकडे कोण बघतं?

जखम सापडलीच नाही तरी पुढे जा. काही रुग्णांत ती शेवटपर्यंत सापडत नाही.

मग लसीचं विचारा. 'टीटी घेतलंय' एवढ्यावर थांबू नका. कधी घेतलं, एकूण किती घेतली, ते लिहा. पूर्वी कधीतरी घेतलेलं एक इंजेक्शन जन्मभर पुरत नाही. सुरुवातीचे डोस पूर्ण हवेत आणि मोठेपणी दर १० वर्षांनी एक हवा. देशात लहान मुलांच्या लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेले, पुढेही कधी लस न घेतलेले आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्या अंगात संरक्षण नाही असं धरून चाला. आज्जीची सगळी बाळंतपणं घरी झाली असतील तर तिला गरोदरपणातही लस मिळालेली नसण्याचीच शक्यता जास्त.

थांबून बघा: वहीत तीन ओळी झाल्या का? जखम कोणती आणि कुठे, कोणत्या तारखेला, लस शेवटची कधी.

## टप्पा २: जबडा

सगळ्या अंगाला होणाऱ्या धनुर्वातात, आणि बहुतेक रुग्ण याच प्रकारचे असतात, सहसा पहिला आवळतो तो जबडा. दातखिळी बसणं म्हणतात ती हीच. पण ती कुलूप लागल्यासारखी एका क्षणात बसत नाही. आधी चावताना कष्ट होतात, मग घास छोटे होतात, मग तोंड उघडेनासं होतं.

आपल्याकडे हे ताटावर लगेच कळायला हवं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारा माणूस अचानक भाकरी दह्यात कुस्करून मागायला लागला तर विचारा, का? 'दात दुखतोय' असं तो म्हणेल. पुढचा प्रश्न, कोणता दात? दाताचं दुखणं असणारा माणूस बोटाने जागा दाखवतो. धनुर्वाताचा रुग्ण दोन्ही गालांवर हात ठेवतो आणि म्हणतो, 'सगळंच आवळल्यागत झालंय.'

तपासायचं असं. रुग्णाला आधी सांगा, मग हळूच दोन्ही तळहात त्याच्या दोन्ही गालांच्या मागच्या भागावर, कानाच्या पाळीखाली ठेवा. दाबू नका. निरोगी माणसाने जबडा सैल सोडला की तिथे मऊ लागतं. इथे दोन्हीकडे सुपारीसारखं टणक लागेल आणि सैल सोड म्हटलं तरी सुटणार नाही. नंतर त्याला जमेल तेवढा आ करायला सांगा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण त्याच्याच तीन बोटांएवढं उघडतं, बोटं एकावर एक उभी धरून. त्याची बोटं तोंडासमोर धरून बाहेरूनच अंदाज घ्या. तीन, दोन की एक, ते वेळेसह लिहा. दोन तासांनी परत बघितलं आणि दोनाचं एक झालं असेल, तर डॉक्टरांना सांगण्यासारखी सगळ्यात मोलाची माहिती तुमच्या वहीत आहे. पण हा दोन तासांचा हिशेब रुग्णालयाच्या वाटेवर किंवा तिथल्या रांगेत करा. त्यासाठी घरी थांबायचं नाही.

इशारा: तोंडात बोट, चमचा, पळी काहीही घालायचं नाही. डॉक्टर घशाच्या मागच्या भागाला चपटी पट्टी लावून एक परीक्षा करतात. एरवी उमासा येतो, धनुर्वातात जबडा पट्टीवरच आवळतो. ती परीक्षा त्यांचीच. घरी केलीत तर बोट तरी तुटेल, नाहीतर रुग्णाचा दात.

### इथे होणारी चूक: 'गुटख्याने तोंड बसलंय'

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून लांबण लावते.

फेब्रुवारी-मार्चचे दिवस, ज्वारीची काढणी चालू. पन्नाशी उलटलेली एक बाई, मुलगा दुचाकीवर मागे बसवून घेऊन आलेला. तोंड दीड बोट उघडत होतं. दात तपकिरी, ओठाच्या कोपऱ्यात मिश्रीची रेघ. मी मनात म्हटलं, तंबाखूचं तोंड, आणि नोंद करून तिला दंत विभागाच्या रांगेत बसवायला निघाले. आपल्याकडे गुटखा, मावा, सुपारीने तोंड बसलेली माणसं रोज दिसतात. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरीही दिसतात. त्यामुळे हात आपोआप त्याच कागदाकडे जातो.

बाई बाकावर बसायला गेली आणि पाठ टेकताना तिने एकदम श्वास ओढला. मान वळवायची तर खांद्यासकट वळत होती. मी विचारलं, "मावशी, तोंड कधीपासून उघडंना?"

"परवाधरनं," दातांतल्या दातांत ती म्हणाली.

परवापासून! सुपारीचं तोंड परवापासून बसत नाही. ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षं थोडं थोडं बसत येतं. तिखट खाल्लं की आग होते, गालाची आतली कातडी पांढरट आणि राठ होते, आणि मान-पाठीला काही होत नाही. तिच्या टाचेत दहा दिवसांपूर्वी धसकट घुसलं होतं. उपटून टाकलं, हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी परत रानात. टाचेवर बघितलं तर डाळीएवढा काळा ठिपका. बस.

तर प्रश्न एवढाच विचारायचा: कधीपासून? उत्तर 'तासांत' किंवा 'दिवसांत' असेल तर तंबाखूवर ढकलू नका. तंबाखू खाणाऱ्यालाही धनुर्वात होतो.

## टप्पा ३: चेहरा, मान, गिळणं

चेहरा. कपाळाला आठ्या, भुवया वर ओढलेल्या, डोळे बारीक, ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले. माणूस हसतोय की रडतोय ते कळत नाही. हे हसू त्याच्या मनातलं नसतं, स्नायूंनी ओढून आणलेलं असतं. नेमकी इथेच 'बाहेरचं काहीतरी लागलंय' अशी कुजबूज सुरू होते आणि एक रात्र अंगाऱ्यात जाते. फरक बघायचा असेल तर त्याचा नेहमीचा फोटो शेजारी धरा.

मान. हनुवटी छातीला टेकवायला सांगा. तुम्ही वाकवू नका, त्याचं त्याला करू द्या. टेकत नसेल तर लिहा.

गिळणं. लाळ गळते का, चहा पिताना ठसका लागतो का, गोळी घशात अडकते का. घरचे याला 'घसा धरलाय' म्हणतात आणि गरम काढा पाजतात. तो काढा छातीत जायची भीती असते, म्हणून इथून पुढे तोंडाने काहीही देणं बंद. औषधाची गोळीसुद्धा नाही.

एक वेगळा प्रकारही ध्यानात ठेवा. डोक्याची जखम किंवा वाहणारा कान यातून आलेल्या धनुर्वातात कधी कधी चेहऱ्याची एकच बाजू लुळी पडते. लोक त्याला अर्धांगाचा झटका समजतात. चेहरा वाकडा झाला, त्याच्याच जोडीला जबडा आवळतोय आणि मागच्या काही दिवसांत डोक्याला लागलंय, हे तीन एकत्र आले तर डॉक्टरांना तिन्ही सांगा.

आणि कधी कधी नुसती जखमेभोवतीची जागा आवळते. पायाला लागलंय आणि तोच पाय ताठ, दुखरा, पोटरीत सतत गोळा. हा सौम्य प्रकार असतो, पण पुढे तो अंगभर पसरू शकतो. त्याला मुरगळला समजून चोळत बसू नका.

## टप्पा ४: पोट आणि पाठ

जबड्यानंतर आवळणं सहसा खाली सरकतं: मान, पाठ, पोट. पोट फळीसारखं कडक होतं. पोटदुखीचा रुग्ण म्हणून आलेला माणूस बोलताना दात उघडत नसेल तर पोटाआधी जबड्याकडे बघावं.

पाय ताठ होतात, चाल लाकडी होते. पण हाताची बोटं आणि पावलं मात्र बऱ्यापैकी मोकळी राहतात. अंग लाकूड झालेला माणूस बोटांनी चादर चाचपतोय, हे दृश्य मी विसरले नाही. पुढच्या तुलनेत ते कामाला येईल.

याच सुमाराला घाम सुटतो, नाडी पळते, थोडा ताप येतो, काहींना लघवी अडकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाला कोण विचारतो, म्हणून मुद्दाम लिहिते: हा घाम गारठ्यातही येतो, पडून राहिल्यावरही येतो.

थांबून बघा: जबडा दोन्हीकडून आवळलेला आणि मान-पाठ-पोट-गिळणं यांपैकी एक जरी सोबत असेल, तर पुढचा टप्पा बघायला थांबायचं नाही. सरळ टप्पा ७ वर जा. गाडी सांगा.

## टप्पा ५: झटके

हा टप्पा तुम्हाला घरी दिसूच नये. तरी दिसला तर काय बघायचं ते सांगते.

आवळलेले स्नायू एकदम आणखी आवळतात. मान मागे, पाठ कमान, पाय ताठ, हात कोपरात दुमडलेले. काही सेकंद, कधी काही मिनिटं. दार आपटलं, कोणी हात लावला, दिवा लागला की परत. दुखणं भयंकर असतं. मणक्याचं हाड मोडावं इतका जोर त्या स्नायूंत असतो. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. 'आता काय उरलं नाही याचं' असं त्याच्या उशाशी बसून बोलणाऱ्यांना मी वॉर्डातून बाहेर काढलं आहे.

नोंद करा ती एकाच गोष्टीची: पहिलं लक्षण दिसल्यापासून पहिला झटका येईपर्यंत किती वेळ गेला. हा काळ ४८ तासांपेक्षा कमी असेल तर आजार जास्त गंभीर असतो. जखमेपासून पहिल्या लक्षणापर्यंतचे दिवस जितके कमी, तितकंही वाईट. डॉक्टर या दोन आकड्यांवरून पुढची तयारी करतात.

झटक्यात करू नका: हातपाय दाबून धरणं, पाठ सरळ करायचा प्रयत्न, चोळणं, तोंडात कापड, नाकाशी कांदा किंवा चप्पल, तोंडावर पाण्याचा हबका. यातली प्रत्येक गोष्ट नवा झटका आणते. भोवतीच्या टोकदार वस्तू सरकवा, एका कुशीवर वळवता आलं तर एकदाच, सावकाश वळवा, आणि हात काढून घ्या.

## टप्पा ६: सारखं दिसतं, पण वेगळं असतं

हा टप्पा वाटेत, गाडीत बसून मनात करायचा. यावरून 'धनुर्वात नाही' असं ठरवून घरी थांबण्यासाठी नाही.

फीट, फेफरं. शुद्ध हरपते, फीट संपल्यावर माणूस ग्लानीत असतो, नंतर अंग सैल पडतं. धनुर्वातात शुद्ध जात नाही.

दाताचा, अक्कलदाढेचा, टॉन्सिलचा गळू. सहसा एकच बाजू, सूज, ठणका. पाठ आणि पोट मऊ.

उलटीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांचा उलटा परिणाम. मान एका बाजूला पिळते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. औषध सुरू केल्यावर काही तासांत किंवा पहिल्या काही दिवसांत सुरू होतं, आणि योग्य इंजेक्शनने लवकर सुटतं. म्हणून मागच्या काही दिवसांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.

कॅल्शियम कमी होणं. हाताची बोटं एकत्र येऊन चोचीसारखी होतात, मुंग्या येतात. धनुर्वाताच्या उलट: इथे बोटं आवळतात, जबडा सहसा मोकळा.

मेंदूज्वर. मान ताठ असते, पण ताप जोराचा, डोकं फुटतं, उलट्या होतात, माणूस गुंगतो. जबडा आवळत नाही.

कुत्रं चावल्यानंतरचा रेबीज. पाण्याची भीती, बेचैनी, बरळणं. जबडा आवळलेला राहत नाही.

कुचला, म्हणजे जडीबुटीत वापरतात ते विषारी बी, पोटात गेला असेल. हे धनुर्वाताशी फार जुळतं. फरक दोन झटक्यांच्या मधल्या वेळात दिसतो: कुचल्यात अंग मधल्या वेळात सैल पडतं, धनुर्वातात ते आवळलेलंच राहतं. जडीबुटी, पुडी असं काही घेतलं असेल तर लपवू नका.

## टप्पा ७: नेताना

१०८ ला फोन करा आणि 'जबडा आवळलाय, धनुर्वाताचा संशय आहे' असं स्पष्ट सांगा. जवळच्या साध्या दवाखान्यात सलाईन लावून संध्याकाळपर्यंत बघू, हा विचार सोडून द्या. जिथे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे तिथेच जायचं. सोलापूर शहरात सरकारी म्हणाल तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. अक्कलकोटहून येताना ४० किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, करमाळ्याहून येणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट. गावातून निघायला उशीर केला तर तो रस्त्यात भरून निघत नाही.

घाई का, तेही सांगते. या जंतूचं विष नसांमध्ये शिरून स्नायूंना 'सैल हो' असा निरोप देणारी यंत्रणा बंद पाडतं. शिरलेलं विष कोणतंही औषध बाहेर काढू शकत नाही. धनुर्वातावरचं प्रतिविष, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अजून मोकळं फिरणारं विष तेवढं निकामी करतं. म्हणजे जितक्या लवकर पोचाल तितकं विष शिरायचं वाचेल.

वाटेत: डोळ्यांवर मऊ पातळ कापड, खिडक्या बंद, सायरन टाळता येईल का ते चालकाला विचारा, एकाच माणसाने सोबत बसावं आणि हात लावण्याआधी सांगावं. दुचाकीवर मधे बसवून आणू नका. त्या मावशीचं नशीब, की वाटेत झटका आला नाही.

पोचल्यावर वही पुढे करा आणि पहिल्या वाक्यात तारखा सांगा. 'ताप आहे, अंग दुखतंय' अशी सुरुवात केली तर रांग वेगळी लागते.

### इथे होणारी चूक: 'टीटी दिलं की, आता कशाला?'

लक्षणं सुरू झाल्यावर दिलेलं लसीचं इंजेक्शन या आजाराचा उपचार नाही. लस शरीराला संरक्षण तयार करायला शिकवते आणि त्याला दिवस लागतात. विष तोवर थांबत नाही. जखम झाल्या दिवशी इंजेक्शन घेतलं होतं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. आधीचे डोस कधीच झाले नसतील तर त्या एकाने भरवसा येत नाही.

## तान्हं बाळ: याचं गणित वेगळं

भारतात माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं २०१५ साली जाहीर झालं. आजही घरी बाळंतपण झालेलं असेल, नाळ कशानेही कापली असेल, बेंबीला शेण, राख, माती लावली असेल तर हे वाचा.

बाळ पहिले दोन दिवस नीट रडतं, नीट ओढून पितं. मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांत कधीतरी, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पिणं सुटतं. पाचवी पुजून झाली आणि बाळ अंगावर धरत नाही, असं ऐकू आलं की कान टवकारा. तोंड उघडत नाही, ओठ चंबूसारखे आवळतात, मुठी घट्ट, अंग ताठ, हात लावला की झटका. जन्मापासूनच न पिणारं बाळ वेगळ्या कारणाने आजारी असतं. धनुर्वाताची खूण म्हणजे आधी पीत होतं, आता पीत नाही. 'नजर लागली' म्हणून मीठ-मोहरी उतरवायचीच असेल तर गाडी येईपर्यंत उतरवा. दूध चमच्याने घशात ओतू नका.

## नुसती जखम आहे, लक्षण नाही: तेव्हाचं काम

वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुवा. आत काटा, माती राहिली असेल तर दवाखान्यात काढून घ्या. हळद, चुना, तंबाखू, शेण भरू नका.

लस: जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल आणि शेवटचा डोस १० वर्षांच्या आत असेल तर गरज नाही. मातीची, शेणाची, खोल, चिरडलेली किंवा भाजलेली जखम असेल तर ही मुदत ५ वर्षांची. डोस पूर्ण झाल्याची खात्री नसेल आणि जखम घाण असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते आपणहून विचारा. सरकारी केंद्रात आता टीटीऐवजी टीडी मिळते. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही संरक्षण आहे. 'टीटी नाही, टीडी आहे' असं ऐकून परत फिरू नका.

## बरं होऊन घरी येताना

धनुर्वाताचा मुक्काम लांबतो. झटके तीन-चार आठवडे चालू शकतात, आणि ताठरपणा पूर्ण जायला महिने लागतात, कारण नसांची टोकं नव्याने तयार व्हावी लागतात. मावशी वॉर्डात महिनाभर होती. पहिल्यांदा तिने तीन बोटं तोंडासमोर धरून दाखवली त्या दिवशी मुलाने डब्यात कडक भाकरी आणली होती. ती मात्र मी दुधात भिजवूनच दिली.

आणि जाताना मुलगा म्हणाला, "सिस्टर, एकदा हून गेला म्हंजे आता परत न्हाई की." गोवर-कांजिण्यांचा अनुभव असतो, त्यामुळे सगळ्यांना असंच वाटतं. धनुर्वात होऊन गेल्याने शरीरात संरक्षण तयार होत नाही. ज्याने लस कधीच घेतली नाही त्याला बरं झाल्यावरही पूर्ण डोस घ्यावे लागतात: पहिला रुग्णालयातच, दुसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी, तिसरा दुसऱ्यापासून सहा महिने ते वर्षभरात. दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्डातून निघू नका.